लाल तारेचा निवाडा

सगळं गाव रडत होतं आणि कुणी मेलेलं नव्हतं.

सोमवारची तिन्हीसांज. दूध संस्थेच्या हॉलचं शटर अर्ध्यावर ओढलेलं, दिवे मालवलेले. झाडून सारे सभासद डोळ्यांना पदर, टॉवेल, टोपी, जे हाताला येईल ते लावून मुसमुसत होते. समोरच्या टेबलावर लोणच्याची मोठी काचेची बरणी होती. बरणीच्या तोंडावर पितळी दांडी आडवी ठेवलेली, दांडीवरून एक बारीक साखळी आत सोडलेली, आणि साखळीच्या टोकाला वेटोळं घातलेली एक तार. ती तार लालभडक होती, चुलीतून आत्ताच काढल्यासारखी. पण चूल नव्हती. जाळ नव्हता. धूरही म्हणावा असा नव्हता, नुसती पांढरी वाफ काठाशी रेंगाळत होती.

"ना तेल, ना वात," महाराजांचा आवाज अंधारातून आला. "ना लाकूड, ना कोळसा. ना सिलिंडर, ना लायटर. भक्तहो, ही तार कशावर जळती? सत्यावर. डोळ्याला पानी आलं का?"

"आलं," सगळ्यांनी नाक ओढलं.

"ते पानी न्हाई. ते पाप हाय, धुऊन बाहेर पडायलंय. ज्याला पानी येत न्हाई त्यानं समजावं, आपलं पाप लई घट्ट झालंय."

त्याबरोबर सगळ्यांनी आणखी जोरात डोळे चोळले.

गुंडू माझ्या शेजारी उभा होता. गावातलं सगळं हसू ज्याच्या तोंडून निघतं असा हा आमचा सलूनवाला. तो माझ्या कानाशी लागला. "गुरुजी, देवाचा वास गोठ्यासारखा येतोय की."

हे महाराजांनी ऐकलं. त्यांचे कान फार तिखट होते. "गोठ्यासारखाच येनार बेटा. गोमाता प्रगट झाल्यावर काय अत्तराचा वास येईल?"

गुंडूनं हात जोडले. मी गावच्या शाळेत मराठी शिकवतो. त्या तारेपुढे उभं राहिल्यावर एवढंच कळत होतं की इथं काहीतरी लबाडी आहे. ती कुठं आहे, ते काही केल्या दिसत नव्हतं. सगळं तर काचेतून उघडं होतं.

ही वेळ आमच्यावर दुधानं आणली होती.

आमचं गाव कागलच्या अलीकडं, उसात बुडालेलं. ऊस कारखान्याला जातो, पण घर चालतं ते दुधावर. पहाटे आणि संध्याकाळी किटल्या घेऊन माणसं संस्थेत येतात. गावातल्या भावकीच्या भांडणापासून पोरींच्या स्थळांपर्यंत सगळं तिथल्या रांगेतच ठरतं. उन्हाळा लागला तसं आमचं दूध वरच्या शीतकरण केंद्रातून परत यायला लागलं. आंबूस लागतंय, म्हणाले. एकदा आलं, दुसऱ्यांदा आलं, मग येतच राहिलं. रांगेतली माणसं एकमेकांच्या किटलीकडे तिरक्या डोळ्यांनी बघायला लागली. कोणीतरी रात्रीचं शिळं दूध सकाळच्यात ओततंय, असं ठरलं. कोण, ते ठरेना.

तेव्हा चेअरमन अमरसिंहदादांनी एका मठातले हे महाराज आणि त्यांची ही तार आणली. दादा माणूस वाईट नाहीत. कुणाच्या घरी कमीजास्त झालं तर पहिल्यांदा धावतात. पण भांडण म्हटलं की त्यांना घाम फुटतो. निवाडा आपण दिला तर अर्धं गाव तुटतं, देवानं दिला तर कुणाचं काही म्हणणं नाही, असा त्यांचा साधा हिशेब.

महाराजांची रीत मोठी नामी होती. प्रत्येक घरानं एक मूठ पांढरं खत आणायचं. आम्ही त्याला नुसतं सल्फेट म्हणतो, दिसायला साखरेसारखं. "ज्यानं तुमचं शेत पिकतं त्यात तुमचं सत्य हाय," असं त्यांचं म्हणणं. सगळ्या मुठी एका परातीत जमायच्या. त्यातलं थोडं बरणीत पडायचं, वर पानपट्टीतल्या चुन्याचा गोळा आणि गरम पाण्याचा शिडकावा. मग महाराज कापूर पेटवायचे, तारेला कापराची आरती ओवाळायचे, तार लाल झाली की कापूर विझवून तिला बरणीत सोडायचे. आणि ती विझायची नाही. काठावर जी पांढरी भुकटी जमायची, ती विभूती म्हणून कपाळाला लागायची.

मग एकेक सभासद बरणीपुढे येऊन म्हणायचा, "माझं दूध खरं हाय." तार लाल राहिली की तो सुटला.

त्या सोमवारी सगळे सुटत गेले. दादा सुटले, मी सुटलो. गुंडू सुटला तेव्हा तर मला तारेचीच शंका आली, कारण गुंडूकडे म्हैसच नाही, तो नुसता बघायला आला होता.

आणि मग बयाक्का पुढं झाली.

बयाबाई, आमच्या सगळ्यांची बयाक्का. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दोन म्हशी आणि एक मुलगी, एवढाच संसार. मुलगी अनुजा शिकून बाहेर नोकरीला आहे. घरात दुसरं कुणी नाही, भावकीही लांबची. भांडायला उभं राहील असं पाठीमागे माणूस नाही.

"माझं दूध खरं हाय," बयाक्का म्हणाली, आणि तार काळी पडली.

एका क्षणात. निखाऱ्यावर राख यावी तशी. हॉलमध्ये कुणीतरी 'अगं आई' म्हणालं.

"मिळालं," महाराज म्हणाले. "या घरचं दूध देवाला न्हाई चालत."

बयाक्का हलली नाही. "का चालत न्हाय?"

"शिळं हाय."

"शिळं उरायला पाहिजे की हो. दोन म्हशी हायत्या, त्यातली एक आटलीया. दुसरीचं निम्मं दादांच्या घरी आणि संस्थेत घालते, निम्मं रेडकू पितंय. मला चहाला उरत न्हाय, आणि तुमच्या देवाला माझ्यात शिळं कुठनं दिसलं?"

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

महाराजांनी पुन्हा कापूर पेटवला, "शांत हो, शांत हो" म्हणत तार ओवाळली, पुन्हा बरणीत सोडली. तार परत लाल. मग त्यांनी प्रायश्चित्त सांगितलं. दुभती म्हैस मठात आणून बांधायची. म्हणजे पाप मठात धुतलं जाईल आणि गावाचं दूध गोड होईल.

"माझ्या दारात आंबट असलेलं दूध मठात गेल्यावर गोड व्हतंय व्हय?" बयाक्का म्हणाली. "मग म्हस राहू द्या, मलाच ठेवून घ्या मठात, मीबी गोड व्हईन."

पण या खेपेला कुणी हसलं नाही. दादांनी मान खाली घालून सांगितलं, पुढच्या सोमवारपर्यंत म्हैस मठात गेली नाही तर संस्थेत बयाक्काचं दूध बंद. मी मध्ये बोललो तर म्हणाले, "गुरुजी, तुमी कविता शिकवा. ह्यातलं तुमास्नी काय कळतंय?" खरंच होतं, कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बयाक्काकडे गेलो. ती धार काढत होती. म्हशीचं नाव हरणी, आणि अंगानं ती एखाद्या टेम्पोएवढी. बयाक्का तिच्या पोटाला डोकं टेकून हलक्या आवाजात म्हणत होती,

*हरणी गं बाई माझी, काळ्या ढगाची सावली*
*लोक म्हणत्यात खोटी, हिची धार का आटली?*
*हरणी गं बाई माझी, हिला कुठला कायदा*
*हिनं पान्हा सोडताना कधी केला न्हाय वायदा*

दुधाची धार चरवीत वाजत होती, आणि ओवी तिच्या तालावर अशी चालली होती की मी दारातच थबकलो.

"गुरुजी, बसा," ती न वळता म्हणाली. "म्हस जायाची ती जाईल. पर माझी पोरगी हिच्या आईच्या दुधावर शिकली. तिला उद्या कुणी म्हणंल, चोरीच्या दुधावर शिकलीस. त्ये मला सोसायचं न्हाय."

मी म्हटलं, पोरीला कळवलं का?

"तिला कशाला. लांब हाय बिचारी. मशिनीपुढं हुबी असती दिवसभर."

मी माझ्या फोनवरून लावला. गुंडूनं तारेचा व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकला होताच, तो आधी पाठवला. अनुजाचा फोन उलटा आला तेव्हा मला वाटलं, पोरगी रडत असेल. ती हसत होती. अगदी खदखदून.

"गुरुजी, त्या खोलीत डोळे चुरचुरत हुते का?"

"सगळं गाव रडत होतं."

"वास गोठ्याचा?"

"गोमाता प्रगट झाली म्हणे."

"आणि मुठीत काय मागितलं, सल्फेटच न्हवं? वर चुना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाय पायजे. ह्यो माणूस बरणीत माझी नोकरी करून दाखवायलाय की." मग तिचा आवाज बदलला. "आयेला द्या फोन. आणि म्हस सोडू नका म्हणावं."

अनुजा शनिवारी आली. केमिकल इंजिनिअर, समुद्राकाठच्या एका मोठ्या खत कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. आईला मिठी मारली, हरणीला मिठी मारली, आणि चहा व्हायच्या आत माझ्यापुढे फोन धरून बसली. गुंडूचा व्हिडिओ तिनं थांबवून थांबवून दाखवला.

"हे बघा. दादा पुढं आले तवा तार बरणीच्या काठाच्या खाली हाय, चांगली खोल. तुमी आला, तितकीच खोल. आता आये आली. महाराजांचा अंगठा कुठं हाय?"

अंगठा साखळीवर होता.

"आता?"

तार काठाच्या वर आली होती. चार बोटं, जास्त नाही. अंधारात, पाणावलेल्या डोळ्यांनी ते कुणाला दिसणार होतं?

"वर घेतली की इझती," अनुजा म्हणाली. "तिचं खाणं खाली हाय."

मला नीट कळलं नाही. पण कळून घ्यायची घाई नव्हती, कारण ती उठून चपला घालत होती. "पहिलं संयोगितावैनींकडं जायचं. परात त्यांच्याकडं असती न्हवं?"

संयोगितावहिनी म्हणजे चेअरमनदादांच्या मिसेस. घरोघरच्या मुठी गोळा करायचं काम त्यांच्याकडे होतं. मला वाटलं, त्या आम्हाला दारातूनच वाटेला लावतील. अनुजानं त्यांना हलक्या आवाजात काय ते सांगितलं. वहिनी ऐकत राहिल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "आमच्या घरात चहा बयाक्काच्याच दुधाचा व्हतोय. आमच्या मालकांनी कपच्या कप ढोसला, कधी आंबट लागला न्हाय. देवाला एकट्याला लागला व्हय?" आणि आत बघून घेऊन म्हणाल्या, "मालकांस्नी सांगू नका. त्यांच्या पोटात काय राहत न्हाय."

सोमवार उजाडला आणि मावळला. हॉल मागच्या वेळेपेक्षा भरलेला, कारण शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. बाहेर कडुनिंबाला हरणी बांधलेली, गळ्यात नवं दावं. मठाचा टेम्पो तिच्यापुढे उभा होता आणि ती त्याच्याकडे आपल्यापेक्षा लहान भावंडाकडे बघावं तसं बघत होती.

महाराज खुशीत होते. "आज निवाडा पक्का," त्यांनी सुरुवात केली. "तार खोटं बोलत न्हाई. तार कुनाची पावनी न्हाई. राजा असो, रंक असो..."

"महाराज," अनुजा पुढं झाली. "मी बयाबाईंची लेक. तार आज आईपुढं काळी पडली तर मी हातानं म्हस टेम्पोत चढवते. मंजूर हाय. पर नियम सगळ्यास्नी एकच ना?"

"एकच."

"कुणाहीपुढं?"

"ब्रह्मदेव आला तरी."

"सगळ्यांनी ऐकलं न्हवं?" तिनं विचारलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

वहिनींनी परात आणून ठेवली. वर पांढरंशुभ्र, साखरेसारखं. महाराजांनी मूठभर बरणीत टाकलं, चुना टाकला, गरम पाणी शिंपडलं. कापराचा धूर हॉलभर घुमला. तार ओवाळली गेली, लाल झाली, कापूर विझला, साखळी बरणीत उतरली.

तार काळी पडली.

पुढे कुणीच नव्हतं. एकटे महाराज होते.

महाराजांनी साखळी किंचित खाली सोडली. मग आणखी. "कुनाची तरी सावली पडली," म्हणत त्यांनी पुन्हा कापूर पेटवला. तार पुन्हा लाल झाली आणि बरणीत शिरताच पुन्हा विझली. तिसऱ्या खेपेला त्यांच्या कपाळावर घाम दिसला. मंत्र घाईघाईत चालला होता, त्यात मराठी, हिंदी आणि एक शब्द तर बहुतेक एसटीच्या पाटीवरचा होता.

गुंडूनं घसा साफ केला. "महाराज, एक इचारू का? राग मानू नका. तारंपुढं तर तुमीच हाय."

आधी कुणाला कळलं नाही. मग मागच्या ओळीतून हसू निघालं आणि पुढं येईपर्यंत त्याचा लोंढा झाला.

"आणि आज रडू येईना कुणालाच," गुंडू म्हणाला. "काय पाप संपलं का काय गावातलं?"

खरंच कुणाचे डोळे पाणावले नव्हते. गोठ्याचा वास नव्हता. फक्त कापराचा होता.

"गुंडू, परातीतलं चाखून बघ," वहिनी म्हणाल्या.

"खत खाऊ वैनी?"

"चाख म्हणते न्हवं."

गुंडूनं बोट लावून जिभेवर ठेवलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. "मीठ हाय की हो हे."

अमरसिंहदादा उठून उभे राहिले. "मीठ कुणी घातलं?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "खताच्या मुठी तिकडं पोत्यात ठेवल्यात, ज्येच्या त्येला परत मिळतील. रेशनचं मीठ हाय हे. देवाला खरंखोटं कळतंय तर मीठ आणि खत का कळंना, ते इचारा जरा."

दादा बसले. कुणीतरी दिवे लावले. उजेडात महाराज एकदम लहान दिसायला लागले.

अनुजानं शटर पूर्ण वर ढकललं. "वारं येऊ द्या. ही वाफ छातीला चांगली न्हाय." मग टेबलापाशी आली, बरणी धुवून घेतली, वहिनींनी पोत्यातून आणलेलं खरं सल्फेट आत टाकलं. चुना. गरम पाणी. पुढच्या ओळीतल्या माणसांचे डोळे चुरचुरले, आणि मागून आवाज आला, "आली, गोमाता आली."

"ही अमोनिया," अनुजा म्हणाली. "सल्फेट खतात असती, चुन्यानं बाहेर पडती. म्हशीच्या गोठ्यात तुमास्नी येतोय त्यो वासबी हिचाच. वायू हाय एक. देव न्हाय, पाप न्हाय. कांदा चिरताना रडतासा, ते काय पाप धुवायला?"

तिनं कापूर पेटवून तार तापवली, आणि साखळी दादांच्या हातात दिली. "दादा, सोडा खाली."

दादांनी सोडली. तार लाल राहिली. लालभडक, शांत, कुणाचंही काही न मागता.

"आता उचला. चार बोटं."

काळी.

दादा त्या काळ्या तारेकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच काडी ओढली, कापूर धरला, तार तापवली, सोडली. लाल. उचलली. काळी. लहान मूल नवीन शिट्टी सोडत नाही तसं त्यांचं चाललं होतं.

"ही तार प्लॅटिनमची," अनुजा सांगत होती. "लग्नातल्या मध्यस्थासारखी. खालनं अमोनिया येती, वरनं हवेतला ऑक्सिजन. दोघं एरवी एकमेकांकडं ढुंकूनबी बघत न्हाईत. पर तार तापली की तिच्या अंगावर त्यांचं जुळतं. जुळताना इतकी ऊब निघती की त्यातच तार लाल राहती. एकदा पेटवून द्यायची, मग आपोआप. म्हणून कापूर लागतो. आमच्या कारखान्यातबी सुरुवातीला पलिताच लावतो."

"आणि मध्यस्थाला काय मिळतंय?" गुंडूनं विचारलं.

"काय न्हाय. तार जशीच्या तशी."

"मग ही आमच्या मध्यस्थासारखी न्हवं. त्यो दोन्हीकडं जेवून जातोय."

हॉल हसला. तीही हसली, आणि मग तिचा आवाज थोडा हळू झाला. मी तिला लहानपणापासून ओळखतो. आवडत्या गोष्टीबद्दल बोलताना ती अशीच हळू बोलते.

"आमच्याकडं तारेची जाळी हाय. मलमलीसारखी, हातावर घेतली तर वजन लागायचं न्हाय. ह्या खोलीएवढ्या भांड्यात अंथरलेली. वरनं अमोनिया आणि हवा येती, आणि जाळी दिवसरात्र लाल. भांड्याला एक काचेचा डोळा हाय, त्यातनं मी बघते. सूर्य मावळताना उसाच्या पल्याड आभाळ कसं व्हतंय, तसा रंग. खाली जो वायू निघतो, त्यो थंड झाला की तांबूस व्हतो. उंच मनोऱ्यात वरनं पाणी झिरपतं, खालनं त्यो चढतो, पाण्यात मिसळतो. त्येचं नायट्रिक आम्ल. सोनार तेजाब म्हणत्यात ते. आणि त्या आम्लात परत अमोनिया सोडली की खत. तुमच्या उसाला घालतासा त्यातलं कितीतरी ह्याच वाटेनं आलेलं हाय."

मग तिनं बरणीच्या काठावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. "आणि ही विभूती. हितंबी तेच झालंय, लहान मापात. अमोनियम नायट्रेट. हे खतच हाय."

गुंडूनं कपाळावरून हात फिरवला, तसाच वर टकलावर नेला. "म्हंजे आठवडाभर मी डोक्याला खत लावून फिरलो? उगवायला पायजे हुतं की मग काहीतरी."

"आक्का," दादा एकदम म्हणाले, "पुढं ये जरा."

बयाक्का पुढं आली. दादांनी साखळी खाली सोडली. तार लाल राहिली.

"माझं दूध खरं हाय," ती म्हणाली.

तार लाल.

"माझं दूध खोटं हाय," ती म्हणाली.

तार लालच.

"बघा," बयाक्का सगळ्यांकडे वळली. "हिला कानच न्हाईत."

मग कुणाला तरी सुचलं आणि हरणीलाच दारापर्यंत ओढत आणलं. तिनं बरणीत नाक घालायचा बेत केला, वास घेतला, आणि जोरात शिंकली. तार त्या शिंकेनं काळी पडली. त्यावरून हरणी खोटी की खरी यावर गुंडू भाषण करणार होता, पण ऐकायला कुणी शुद्धीवर नव्हतं. पोट धरून माणसं खाली बसली होती.

महाराज या गडबडीत झोळी आवरत होते. अनुजानं त्यांना अडवलं नाही, नुसतं विचारलं, "कुठं शिकलासा?"

त्यांनी झोळी खाली ठेवली. मग पहिल्यांदाच साध्या आवाजात बोलले. "कॉलेजात असताना सरांनी दाखवलं हुतं. एवढंच ध्यानात राहिलं."

"चांगलं ध्यानात राहिलं की. शाळाशाळांत जाऊन दाखवा. पोरं टाळ्या वाजवतील. पर कुणाची म्हस घेऊन जायला दाखवलं, तर जादूटोण्याचा कायदा हाय."

त्यांनी तार मागितली. तिनं दिली. टेम्पो रिकामा परत गेला.

आता राहिला मूळ प्रश्न, दूध आंबतं कशानं. तो सोडवायला कुठलाच देव लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अनुजा आणि वहिनींनी रांगेतच प्रत्येक घरचं दूध वेगवेगळ्या भांड्यात उकळलं. एकही फाटलं नाही. मग तेच दूध संस्थेच्या कॅनमध्ये ओतून थोड्या वेळानं उकळलं, तर तीन कॅनमधलं फाटलं. कॅनच्या झाकणात रबराचं कडं असतं. ते काढून धुवायचं असतं, हे आम्ही कित्येक दिवस विसरलो होतो. कड्याच्या आत जुनं दूध साचून विरजण झालेलं होतं. दोष कुठल्याच घरात नव्हता. तो आमच्या सगळ्यांच्या मालकीच्या झाकणात होता, आणि तिथं सोडून आम्ही त्याला माणसात शोधत होतो.

दादा त्याच रांगेत बयाक्कापुढं आले. टोपी काढली, डोकं खाजवलं. "आक्का, चुकलं माझं. सगळ्यांसमोर तुला बोल लागला, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो."

बयाक्कानं किटली पुढं सरकवली. "मग घाला की माप. हुबं राहून पाय दुखायलेत माझे."

तेव्हापासून आमच्या गावात कुणी चमत्कार घेऊन आलं तर आम्ही त्याला हाकलत नाही. पावणं, बसा, चहा घ्या, म्हणतो. आणि चहा होईपर्यंत विचारतो: हे उजेडात होतं का? आमच्या हातात दिलं तर होतं का? सामान आम्ही आणलं तर चालतं का? आणि जिच्या पाठीशी कुणी नाही, नेमका तिच्यावरच तुमचा देव का कोपतो? तुम्हीही विचारा. विचारायला शिक्षण लागत नाही, मी मराठीचा मास्तर असून विचारतोच आहे. जे खरं असतं त्याला प्रश्नांनी काही होत नाही. आणि तिकडं समुद्राकाठी, कुणी ओवाळो न ओवाळो, खरंखोटं काही न ठरवता, ती जाळी आपली लाल राहून उसासाठी खत करत असते. नमस्कारच करायचा तर आधी ते कसं होतं हे समजून घ्यावं, आणि मग खुशाल करावा.